ऑर्कनी आणि शेटलंड: क्रूझवरून किनाऱ्यावर उतरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर क्रूझने जाणारे मराठी प्रवासी जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. तिकिटांचे दर आणि उघडण्याच्या वेळा दर मोसमात बदलतात, म्हणून त्या दिलेल्या नाहीत. जहाज बंदरात असताना हाती येणारे सहा-सात तास कसे वापरायचे आणि कुठे गाडी अडते, यावरच भर आहे.

१. ऑर्कनी आणि शेटलंड एकाच दिवसात होतात का?

नाही. ऑर्कनी स्कॉटलंडच्या उत्तर टोकापासून साधारण १६ किलोमीटरवर आहे, तर शेटलंड तिथून आणखी ईशान्येला, ६० अंश उत्तर अक्षांशावर. जहाज रात्रभर चालून एकाहून दुसरीकडे जातं. ऑर्कनीचं बंदर कर्कवॉल, शेटलंडचं लर्विक. दोन्हीकडच्या सर्वांत मोठ्या बेटाला स्थानिक लोक ‘मेनलँड’ म्हणतात. सहलीच्या पत्रकात ‘मेनलँडची सहल’ असं दिसलं, तर ती स्कॉटलंडच्या मुख्य भूमीची समजू नका.

दोन्ही द्वीपसमूह पंधराव्या शतकापर्यंत नॉर्स (व्हायकिंग वंशाच्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या) सत्तेखाली होते. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिस्तियन याने मुलगी मार्गारेटच्या हुंड्यापोटी १४६८ मध्ये ऑर्कनी आणि १४६९ मध्ये शेटलंड स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकलं. रक्कम कधी फिटली नाही आणि बेटं स्कॉटलंडकडेच राहिली. गावांची नावं आणि बोलीतले शब्द स्कॉटिश कमी आणि नॉर्स जास्त का वाटतात, याचं उत्तर या हुंड्यात आहे.

२. आमची क्रूझ नॉर्वेहून सुटते आणि ऑर्कनीत फक्त दिवसभर थांबते. शेंगेन व्हिसा आहे. ब्रिटनचा वेगळा लागतो का?

भारतीय पासपोर्टवर लागतो. शेंगेन व्हिसा (नॉर्वे, आइसलँडसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) ब्रिटनमध्ये चालत नाही. “आम्ही उतरणारच नाही” हे कारण जहाज कंपन्या सहसा मान्य करत नाहीत. कागद पुरे नसतील तर पहिल्याच बंदरात चढू देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत.

खरी चूक होते ती दुसऱ्या बाजूला. नॉर्वे, मग ऑर्कनी, मग आइसलँड असा मार्ग असेल तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत शिरता. त्यासाठी शेंगेन व्हिसा अनेक-प्रवेशाचा हवा. एक-प्रवेशाचा असेल तर अडचण ऑर्कनीत येत नाही, पुढच्या बंदरात येते. अर्ज करताना क्रूझचा बंदरनिहाय, तारखांसह कार्यक्रम जोडा.

अमेरिकेत राहणाऱ्यांचा गोंधळ वेगळा असतो. अमेरिकन पासपोर्ट असेल तर ब्रिटनसाठी व्हिसा नको, पण ईटीए ही ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाच लागतो. ओसीआय कार्डाचा इथे काही उपयोग नाही.

३. त्याच क्रूझमध्ये फॅरो बेटंही आहेत. ती डेन्मार्कची, म्हणजे शेंगेनमध्येच ना?

डेन्मार्कच्या राज्याचा भाग, पण शेंगेनच्या बाहेर. साध्या शेंगेन व्हिसावर फॅरोला उतरता येत नाही. डेन्मार्ककडून मिळालेल्या व्हिसावर ‘फॅरो बेटांसाठी वैध’ असा स्पष्ट उल्लेख लागतो आणि तो अर्जातच मागावा लागतो. नंतर सुचलं तर बहुतेकदा नव्याने अर्ज. फॅरोचं बंदर तोर्शाव्हन यादीत दिसलं की जहाज कंपनीला तुमच्या पासपोर्टचा देश कळवा आणि उत्तर लेखी घ्या.

४. कर्कवॉलला जहाज गावातच लागतं का?

मोठी जहाजं गावाच्या वायव्येला सुमारे तीन किलोमीटरवर हॅटस्टनच्या धक्क्याला लागतात. तिथून गावातल्या बसस्थानकापर्यंत मोफत शटल बस असते. प्रवासाला दहा मिनिटं पुरतात, पण हजारो माणसं एकदम उतरली की रांग लांबते. हॅटस्टन मालवाहतुकीचंही बंदर आहे, त्यामुळे धक्क्यावर पायी भटकू देत नाहीत. गावातून परत चालत यायचा बेत असेल तरी शेवटी बसच घ्या.

लहान जहाजं थेट गावच्या धक्क्याला लागतात. काही खाडीत नांगर टाकतात आणि प्रवाशांना टेंडर म्हणजे लहान बोटीने किनाऱ्यावर आणतात. आपलं जहाज यांपैकी काय करणार, हे बंदराच्या संकेतस्थळावरच्या वेळापत्रकावरून कळतं. त्या दिवशी आणखी किती जहाजं आहेत तेही तिथेच दिसतं. तो आकडा जरूर पाहा: ऑर्कनीची सगळी लोकसंख्या बावीस हजारांच्या आसपास आहे. दोन मोठी जहाजं एकाच दिवशी आली की बस, टॅक्सी, मार्गदर्शक सगळ्यांचाच तुटवडा होतो.

५. जहाज आठला येतं आणि पाचला सुटतं. म्हणजे नऊ तास मिळतात का?

सात धरा. बंदराची तपासणी होऊन गँगवे (उतरायची फळी) उघडेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. सुटण्याच्या वेळेआधी साधारण अर्धा तास सगळे जहाजावर हवेत. टेंडर असेल तर शेवटची बोट त्याहूनही आधी सुटते. शटलच्या रांगेचे पंधरा-वीस मिनिटं दोन्ही बाजूंनी धरा.

या सात तासांत एक दिशा आणि गाव, एवढंच नीट होतं. कर्कवॉलहून पश्चिमेला स्कारा ब्रे ही पाच हजार वर्षांपूर्वीची वस्ती (प्रश्न ७) आणि दगडांची वर्तुळं (प्रश्न ८) करून यायला चार तास जातात. उरलेल्या वेळात गावातलं कॅथेड्रल (प्रश्न १०) होतं. पश्चिमेबरोबर दक्षिणेचं इटालियन चॅपलही (प्रश्न ११) त्याच दिवसात कोंबणाऱ्या सहली निघतात. त्यांत प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं मिळतात आणि बाकीचा वेळ बसच्या खिडकीतून गायी बघण्यात जातो. पैसे द्यायचेच असतील तर कमी थांब्यांच्या सहलीला द्या.

६. जहाजाची सहल घ्यावी की बाहेरून स्वतः ठरवावी?

जहाजाच्या सहलीची बस उशिरा परतली तर जहाज थांबतं. तुमच्या खासगी गाडीसाठी थांबत नाही. एवढ्याचसाठी लोक दीडपट-दुप्पट पैसे मोजतात, आणि टेंडरचं बंदर असेल तर ते वाजवी आहे, कारण सहलीवाल्यांना पहिल्या बोटींत जागा मिळते.

धक्क्याला लागणाऱ्या जहाजावरून उतरणाऱ्या चार-सहा जणांना मात्र स्थानिक मार्गदर्शकाची लहान गाडी केव्हाही परवडते. मोठी बस जिथे वळत नाही तिथे ती जाते आणि गर्दीच्या उलट क्रमाने ठिकाणं दाखवते. नोंदणी सहा-आठ महिने आधी करा. करण्यापूर्वी एकच गोष्ट लेखी विचारा: जहाज आलंच नाही तर पैसे परत मिळतील का? (प्रश्न २०) जहाजाच्या वेळेनुसार फिरणारे मार्गदर्शक सहसा होय म्हणतात. जो टाळाटाळ करतो, त्याला सोडा.

७. स्कारा ब्रेमध्ये नक्की काय दिसतं? फोटोत तर नुसते खड्डे दिसतात.

खड्ड्यांसारखं दिसतं, कारण घरं जमिनीत खोल आहेत आणि आपण वरच्या गवतावरून आत बघतो. १८५० च्या हिवाळ्यातल्या वादळाने वाळूची टेकडी फोडली तेव्हा ही वस्ती उघडी पडली. १९२८ ते १९३० मध्ये पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. वस्तीचा काळ साधारण इ.स.पू. ३१८० ते २५००, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्याही आधीची घरं.

बेटावर लाकूड फार कमी, म्हणून घरातलं सामानही दगडाचं आणि ते पाच हजार वर्षं टिकलं. दारातून आत पाहिलं की समोरच्या भिंतीला दगडी फडताळ, मध्ये चुलीची चौकट, दोन्ही बाजूंना दगडी कडांचे बिछाने. जमिनीत दगड बसवून केलेल्या चौकोनी पेट्या दिसतात. त्यांच्या फटी मातीने लिंपलेल्या होत्या, म्हणजे त्यांत पाणी राहत असावं.

उतरल्यावर क्रम असा ठेवा: आधी केंद्राजवळची घराची प्रतिकृती. तिच्यात आत जाता येतं, त्यामुळे नंतर वरून बघताना काय बघतोय ते कळतं. मग समुद्राकाठची मूळ वस्ती, शेवटी प्रदर्शन. सगळ्याला सव्वा तास द्या. मूळ घरांत उतरता येत नाही. सर्वांत चांगलं टिकलेलं सातव्या क्रमांकाचं घर जपणुकीसाठी छताखाली बंद आहे. स्वतः जाणार असाल तर वेळेचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा. क्रूझच्या दिवशी सकाळच्या वेळा बसवाले घेऊन बसतात, दुपारी दोननंतर मोकळं होतं.

८. ब्रॉडगर आणि स्टेनेस दोन्ही दगडांचीच वर्तुळं. एक पाहिलं तर चालेल का?

वेळ असेल तर दोन्ही पाहा, दोन्हींमध्ये गाडीची पाच मिनिटंही नाहीत. स्टेनेसचे उभे दगड मोजकेच आहेत, पण सहा मीटरपर्यंत उंच आणि पाटीसारखे पातळ. ब्रॉडगरचं वर्तुळ १०४ मीटर व्यासाचं. मूळच्या ६० पैकी ३६ दगड उरले आहेत आणि भोवती खडकात खोदलेला खंदक आहे. एकच निवडायचं तर ब्रॉडगर, कारण तिथे दोन्ही बाजूंना तळी आणि दगडांमधून मोकळं चालता येतं. पावसाळी दिवसांत गवताची झीज थांबवायला आतली वाट बंद ठेवतात आणि बाहेरच्या वाटेने फिरावं लागतं. दोन्हीकडे तिकीट नाही. शौचालयही नाही, ते स्कारा ब्रेच्या केंद्रात उरकून घ्या.

जुन्या लेखांत या दोन वर्तुळांमधलं नेस ऑफ ब्रॉडगरचं उत्खनन बघा असं लिहिलेलं सापडेल. ते २०२४ च्या उन्हाळ्यात संपलं आणि खणलेली जागा पुन्हा मातीने बुजवली. आता तिथे बघण्यासारखं काही नाही. सहलीच्या पत्रकात अजून ते नाव असेल तर पत्रक जुनं आहे.

९. मेशो जहाजाच्या सहलीत का नसतं?

जागा पुरत नाही म्हणून. मेशो ही मातीच्या ढिगाखालची पाच हजार वर्षांची दफनवास्तू. आत एका वेळी मोजकी माणसं, तीही आधी नोंदवलेल्या मार्गदर्शित फेरीतूनच. पन्नास जणांची बस तिथे नेऊन उपयोग नाही. स्वतः जायचं तर नोंदणी करा आणि मग स्टेनेस गावातल्या केंद्रावर ठरल्या वेळेच्या आधी हजर राहा, तिथून त्यांची बस नेते. फेरी चुकली तर पुढची भरलेलीच असते.

आत जायची वाट सुमारे दहा मीटर लांब आणि इतकी बुटकी की कमरेत वाकून जावं लागतं. गुडघे, कंबर किंवा बंद जागेची भीती असेल तर हा मोह सोडा. दालनात उभं राहता येतं. भिंतींवर बाराव्या शतकातल्या नॉर्स लोकांनी कोरलेले तीसहून अधिक रून-लेख (त्यांच्या जुन्या लिपीतले लेख) आहेत. बहुतेक मजकूर “अमक्याने हे कोरलं” याच जातीचा, आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवर सापडतो तसलाच.

१०. सहल न घेता कर्कवॉलमध्येच राहिलो तर दिवस वाया जाईल का?

अजिबात नाही, आणि गर्दीच्या दिवशी हाच शहाणा बेत. सेंट मॅग्नस कॅथेड्रलची उभारणी ११३७ मध्ये सुरू झाली. लाल आणि पिवळ्या वालुकाश्माचे थर बाहेरून बघावेत, पश्चिमेच्या दारांवर ते सगळ्यांत सुंदर दिसतात. ही इमारत चर्चच्या मालकीची नाही. १४८६ च्या राजपत्राने ती कर्कवॉलच्या नागरिकांची झाली. प्रवेश मोफत. वरच्या मजल्यांची फेरी वेगळी असते आणि आधी नोंदवावी लागते. आत ‘रॉयल ओक’ युद्धनौकेची घंटा आणि मृतांच्या नावांची वही आहे (का, ते प्रश्न ११ मध्ये). रविवारी सकाळी प्रार्थना चालते, त्या वेळी पर्यटकांना फिरता येत नाही. दुकानंही रविवारी बरीच बंद असतात.

समोरच बिशप आणि अर्ल यांचे पडके वाडे, पलीकडे ऑर्कनी संग्रहालय. सगळं पायी दहा मिनिटांच्या आत.

११. इटालियन चॅपल एवढं लांब जाऊन बघण्यासारखं आहे का?

लांब नाही, कर्कवॉलपासून बारा किलोमीटरच्या आसपास. आणि हो, आहे.

१३-१४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री जर्मन पाणबुडी यू-४७ स्कापा फ्लो या नौदलाच्या तळात घुसली आणि तिने ‘रॉयल ओक’ बुडवली. ८३५ जण मेले. पाणबुडी ज्या सामुद्रधुनीतून आली ती आणि तिच्यासारख्या इतर तीन बुजवण्यासाठी काँक्रीटचे ठोकळे टाकून चार बांध घातले गेले. ते चर्चिल बॅरिअर्स. मजूर म्हणून उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन युद्धकैदी आणले होते. लॅम होम या ओसाड बेटावरच्या छावणीत त्यांनी दोन अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या जोडून १९४३-४४ मध्ये चॅपल उभं केलं.

आत गेल्यावर भिंतीजवळ जा. लांबून विटा, कोरीव संगमरवर आणि फरशा वाटतात ते सगळं सपाट प्लास्टरबोर्डवर रंगवलेलं आहे. ते काम दोमेनिको किओकेत्ती यांचं, लोखंडी जाळी जुझेप्पे पालुम्बी यांची. दिवे खाण्याच्या रिकाम्या डब्यांपासून केलेले. छोटं प्रवेश शुल्क आहे. जागा इतकी लहान की दोन बसगाड्या एकदम आल्या तर बाहेर ताटकळावं लागतं.

पूर्वेचं वादळ असेल तर लाटा दुसऱ्या बांधावरून जातात आणि रस्ता बंद करतात. पण चॅपल पहिल्या बांधापलीकडेच आहे, त्यामुळे तिथवर सहसा पोहोचता येतं.

स्कापा फ्लोमध्ये २१ जून १९१९ ला जर्मन आरमाराने स्वतःच्या ७४ पैकी ५२ नौका बुडवल्या, म्हणून “त्या दिसतात का” असंही विचारतात. नाही. बहुतेक नंतर भंगारात काढल्या, उरलेल्या तळाशी आहेत आणि फक्त बुडी मारणाऱ्या डायव्हरांना दिसतात. तिसऱ्या बांधाजवळ पाण्यातून डोकावणारी गंजकी जहाजं वेगळी, ती वाट अडवायला मुद्दाम बुडवलेली.

१२. लॉर्ड किचनर यांचं स्मारक ऑर्कनीत कसं?

१९०२ ते १९०९ भारतातल्या ब्रिटिश फौजेचे सरसेनापती असलेले हेच ते किचनर. ५ जून १९१६ ला ‘हॅम्पशायर’ ही नौका त्यांना रशियाकडे नेत असताना ऑर्कनीच्या पश्चिम किनाऱ्यासमोर सुरुंगाला लागून बुडाली. मार्विक हेडच्या कड्यावरचा मनोरा १९२६ चा, शेजारची सर्व मृतांच्या नावांची भिंत २०१६ ची. वाहनतळापासून चढ आहे, कड्याला कठडा नाही आणि वारा जोरात असतो. लहान मुलांचा हात सोडू नका.

जवळच ब्रॉ ऑफ बर्से हे नॉर्स वस्तीचे अवशेष असलेलं बेट आहे. तिथे काँक्रीटच्या वाटेने ओहोटीतच जाता येतं: पूर्ण ओहोटीच्या आधी आणि नंतर साधारण दोन-दोन तास. क्रूझचा दिवस आणि ओहोटी जुळेलच असं नाही, म्हणून भरती-ओहोटीची वेळ बघूनच हा बेत ठरवा. पाणी वाटेवर यायला लागलं की पळत ओलांडायचा प्रयत्न करू नका. वाट शेवाळलेली असते आणि प्रवाह आडवा येतो.

१३. लर्विकमध्ये एकच सहल घ्यायची असेल तर कोणती?

दक्षिणेची. लर्विकपासून चाळीस किलोमीटरवर सम्बरा, तिथे यार्ल्सहोफ. एकाच जागेवर कांस्ययुगातली घरं, लोहयुगातला ब्रॉक म्हणजे गोल दुहेरी भिंतीचा बुरूज, चाकाच्या आऱ्यांसारख्या भिंतींची घरं, नॉर्स लांबघरं आणि सतराव्या शतकातला वाडा. चार हजार वर्षांचे थर, आणि स्कारा ब्रेपेक्षा इथली एक गोष्ट बरी: काही घरांत प्रत्यक्ष शिरता येतं. जाताना रस्ता विमानतळाची धावपट्टी ओलांडतो. विमान येत असेल तर फाटक पडतं, रेल्वेच्या फाटकासारखं.

सहल नको असेल तर गावातून अर्ध्या तासात चालत क्लिकिमिनचा ब्रॉक होतो. शेटलंड संग्रहालय मोफत आहे.

मूसा बेटावरचा ब्रॉक तेरा मीटर उंच, जगातला सर्वांत चांगला टिकलेला. पण तिथे सँडविकहून लहान बोटीने जावं लागतं, आणि लाटा उसळल्या की बोट निघत नाही. क्रूझच्या एका दिवसात हा जुगारच.

१४. पफिन नक्की दिसतील का?

पफिन हे समुद्रपक्षी एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सम्बरा हेडच्या दीपगृहापाशी, बहुधा हो. १० ऑगस्टनंतरच्या क्रूझवर ‘पफिन सहल’ विकत असतील तर पैसे वाचवा. पिल्लं उडाली की पक्षी समुद्रात निघून जातात आणि कडे रिकामे होतात. मोसमातही भर दुपारी बरेचसे पाण्यावर असतात. सकाळच्या फेरीची किंवा उशिरा सुटणारी सहल बरी. ऑर्कनीत पफिनचे मोठे थवे वेस्ट्रेसारख्या बाहेरच्या बेटांवर, क्रूझच्या दिवसात न बसणारे.

कुरणात आर्क्टिक टर्न हा पक्षी डोक्यावर झडप घालायला लागला, तर त्याचं घरटं जवळ आहे. हात किंवा काठी डोक्याच्या वर धरून आल्या वाटेने मागे फिरा.

१५. जुलैत जातोय. किती गरम कपडे?

जुलैतलं दुपारचं तापमान १४-१६ अंश, पण त्रास वाऱ्याचा. झाडं जवळजवळ नाहीत, आडोसा नाही. छत्री पहिल्या झोताला उलटते, ती जहाजावरच ठेवा. टोपी असलेलं जलरोधक जाकीट, आत लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, कान झाकणारी टोपी, पाणी न शिरणारे बूट. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही. साडी नेसायची असेल तर आत थर्मल, वर लांब रेनकोट आणि पायात बूट. चपलेने ओल्या गवतावर घसरायला होतं.

१६. शुद्ध शाकाहारी आहोत. बाहेर काय खायचं?

जेवणाच्या वेळी गावात असाल तर अडचण नाही, भाजलेला बटाटा, चीज टोस्टी, स्कोन सगळीकडे मिळतात. फसगत होते ती साध्या वाटणाऱ्या पदार्थांत. मसूरडाळीचं सूप इथे परंपरेने डुकराच्या मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा “स्टॉक कशाचा” ते विचारा. बटाट्याच्या चिप्स काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, म्हणून तेलही विचारा. अंडं चालत नसेल तर स्कोनवर अंड्याचा हात दिलेला असू शकतो. बेअर या जुन्या जातीच्या जवाचा बॅनक ही ऑर्कनीची भाकरी, चीजबरोबर छान लागते.

चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, कोरडे थेपले बंद पाकिटात बरोबर ठेवा. जहाजावरच्या बुफेतलं अन्न, फळं किनाऱ्यावर नेऊ नका. पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे.

१७. आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. टेंडर बोटीत चढता येईल का?

धक्क्याला जहाज लागलं तर प्रश्नच नाही. टेंडरमध्ये हलत्या फळीवरून बोटीत पाऊल टाकावं लागतं. दोन खलाशी हाताला धरतात, पण पाऊल स्वतः उचलावं लागतं. ते जमत नसेल तर खलाशी नाही म्हणू शकतात, आणि त्यांचा शब्द शेवटचा. लर्विकला काही मोठी जहाजं समोरच्या ब्रेसे बेटाच्या बाजूच्या खाडीत नांगरतात, तेव्हा प्रवासक्रमात त्या दिवशी ‘टेंडर’ लिहिलंय का ते आरक्षणाआधीच बघा. उतरल्यावर कॅथेड्रल, चॅपल आणि लर्विकचं संग्रहालय सोपं. मेशो टाळा (प्रश्न ९).

१८. बसने किंवा गाडी भाड्याने घेऊन स्वतः फिरता येईल का?

येईल. महाराष्ट्राचा स्मार्ट कार्ड परवाना ब्रिटनमध्ये बारा महिने चालतो आणि गाडी डावीकडूनच चालवायची. गाड्या थोड्या आहेत, महिनोन्‌महिने आधी सांगा आणि वयाची वरची अट विचारून घ्या. अरुंद रस्त्यांवर ठरावीक अंतराने रुंद जागा असते, ती समोरच्याला वाट द्यायला. फोटोसाठी तिथे गाडी लावली की स्थानिक लोक चिडतात, आणि योग्यच आहे.

एक्स१ ही बस कर्कवॉल ते स्ट्रोमनेस जाते आणि स्टेनेसवरून जाते. मुख्य रस्त्यापासून वर्तुळांपर्यंत चालावं लागतं. टॅक्सी आदल्या दिवसापर्यंत नोंदवली नसेल तर मिळेल असं समजू नका, ॲपवरची टॅक्सी इथे नाही.

१९. रोख पौंड किती न्यावे? खरेदीवरचा कर परत मिळतो का?

कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, माणशी वीस-तीस पौंड सुटे पुरतात. स्कॉटिश बँकांच्या नोटा ब्रिटनमध्येच खर्चून टाका, भारतात मनी चेंजर त्या सहसा घेत नाहीत. पर्यटकांना दुकानात मिळणारी करपरतीची सोय ग्रेट ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. फेअर आइल नमुन्याचा हाताने विणलेला स्वेटर महाग असतोच. स्वस्त दिसला तर तो यंत्रावरचा.

व्हिस्की घेतलीत तर परत चढताना जहाज बाटली ताब्यात घेतं आणि प्रवासाच्या शेवटी देतं.

२०. हवामानामुळे बंदरच रद्द झालं तर?

या समुद्रात हे होतं, टेंडरच्या बंदरांत जास्त. जहाजाची सहल असेल तर पैसे आपोआप परत. खासगी मार्गदर्शकाचं त्याच्या अटींवर (प्रश्न ६), आगाऊ घेतलेल्या प्रवेश तिकिटांचं बहुधा नाही. बंदर शुल्काची रक्कम कंपनी खात्यात जमा करते, क्रूझच्या भाड्यातला भाग देत नाही. विम्यात ‘बंदर चुकल्याची भरपाई’ हे कलम वेगळं असतं, घेताना तेच शोधा.

रद्द झालेल्या दिवशीही डेकवर जा. मार्ग ऑर्कनीतल्या ‘होय’ (Hoy) बेटाच्या पश्चिमेने असेल तर ओल्ड मॅन ऑफ होय हा १३७ मीटरचा सुळका जहाजावरूनच सर्वांत चांगला दिसतो.

२१. फोनवर एक वेळ आणि जहाजावर दुसरी. कोणती धरायची?

जहाजाची. उन्हाळ्यात ब्रिटन आइसलँडच्या एक तास पुढे आणि नॉर्वेच्या एक तास मागे असतो. किनाऱ्यावर फोन आपोआप स्थानिक वेळ धरतो, पण जहाज कधी वेळ बदलतं, कधी बदलत नाही. उतरताना गँगवेजवळच्या फलकाचा फोटो काढा आणि मनगटावर जहाजाची वेळ लावलेलं साधं घड्याळ घाला. खासगी गाडीवाल्याला भेटीची वेळ कळवताना ती ‘स्थानिक’ हे लिहा. जहाजावर फोन एअरप्लेन मोडवर, कारण समुद्रातलं उपग्रह नेटवर्क भारतीय रोमिंग पॅकमध्ये सहसा धरलेलं नसतं.

२२. जहाज सुटलंच तर काय करायचं?

रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत बंदरातल्या एजंटचा नंबर छापलेला असतो. तो पान फाडून खिशात ठेवायचा, जहाजावर नाही. हजेरीत तुम्ही नसाल तर खोलीतल्या तिजोरीतले पासपोर्ट काढून एजंटकडे देण्याची बऱ्याच जहाजांची पद्धत आहे, म्हणून आधी त्यालाच गाठा. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. कर्कवॉल आणि सम्बरा दोन्हीकडून ॲबर्डीनला विमानं आहेत, पुढचं तिथून. पण पुढचं बंदर आइसलँड किंवा नॉर्वे असेल, तर विमान काढण्याआधी प्रश्न २ मधली अनेक-प्रवेशाची अट पुन्हा तपासा. ती पुरी होत नसेल तर पुढच्या ब्रिटिश बंदराचीच वाट धरावी लागते, आणि तसं बंदर उरलं नसेल तर थेट घरची. रोजची औषधं, विम्याचा नंबर आणि पासपोर्टच्या पहिल्या व व्हिसाच्या पानाची छायाप्रत उतरताना नेहमी अंगावर ठेवा. तब्येतीची तातडी असेल तर ९९९. कर्कवॉलमध्ये बॅल्फर आणि लर्विकमध्ये गिल्बर्ट बेन ही रुग्णालयं आहेत.